ओलं ठिगळ

आठव्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी महानंदाच्या पोटावरची पट्टी काढली, टाक्यांच्या खालच्या टोकाला बोटाने हलकंच दाबलं, आणि पिवळसर पाणी बाहेर आलं. "वाउंड इन्फेक्शन आहे, मास्टर," ते म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी समजावून सांगितलं. ऑपरेशनच्या जखमेत जंतू शिरलेत, आत पू झालाय, दोन टाके सोडावे लागतील आणि जखम आतून भरून येईपर्यंत वाट बघावी लागेल.

महानंदा माझी बायको. ती छताकडे बघत पडली होती. तिने एवढंच विचारलं, "मंग आंघूळ कवा करता येईल?"

डॉक्टर म्हणाले, जखम कोरडी होईपर्यंत नाही.

ज्यांचं माणूस आज दवाखान्यात आहे आणि जे बाहेरच्या बाकावर बसून आहेत, त्यांच्यासाठी मी हे लिहितोय. मी शिंपी. औषधाचं मला विचारू नका, त्यातलं मला काही कळत नाही. पण कापडाचं कळतं, आणि आमच्या बाबतीत सगळं कापडाशीच येऊन थांबलं.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या बोळात माझं दुकान. जवळच्याच एका धर्मादाय दवाखान्याची सगळी शिलाई माझ्याकडे होती: उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे गाऊन आणि ऑपरेशनच्या हिरव्या चादरी. त्या चादरींना दवाखान्यात 'ड्रेप' म्हणतात. पेशंटचं सगळं अंग झाकायचं आणि जिथे कापायचं तेवढीच जागा मधल्या चौकोनातून उघडी ठेवायची, असं ते कापड. लातूर नवा जिल्हा झाला तसे अहमदपूर, निलंगा, रेणापूर सगळीकडचे पेशंट आमच्या गावात यायला लागले. पेशंट दुप्पट झाले, ड्रेप मात्र तेवढेच राहिले. त्यात दुष्काळ. टँकर आला की गल्लीतल्या बायका हातातलं काम टाकून धावायच्या, आणि दवाखान्याची धुण्याची टाकी टँकरच्या पाण्यावरच चालायची.

महानंदाचं पोट वाढायला लागलं तेव्हा आम्ही दोघंही हसण्यावारी नेलं. मी म्हणायचो, दुष्काळात वजन वाढवणारी तूच एक. नंतर दुखायला लागलं, जेवण जाईना. डॉक्टरांनी हाताने तपासून 'ओव्हेरियन सिस्ट' सांगितलं. म्हणजे अंडाशयावरची गाठ. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, तिचा तुकडा तपासायला बाहेरगावी गेला, आणि आठव्या दिवशी जखमेतून पाणी आलं. औशाला दिलेली आमची मुलगी कमल आईजवळ येऊन राहिली.

आंघोळीचं महानंदाला एवढं का लागलं होतं, ते सांगतो. आम्ही लिंगायत. गळ्यातलं लिंग रोज आंघोळ करून तळहातावर घ्यायचं, पूजा करायची, मग पाणी तोंडात घालायचं. लग्न झाल्यापासून तिची पूजा चुकलेली मी पाहिली नव्हती. आता कमल तिचं अंग ओल्या पंच्याने पुसायची आणि ती पूजेला बसायची, पण तिच्या तोंडावर समाधान नसायचं. पारोशा अंगाने लिंग हातात घेतलं म्हणून ती पुटपुटत माफी मागायची. कुणाची, महादेवाची का लिंगाची, मी विचारलं नाही.

रोज पट्टी बदलताना ती विचारायची, "कोरडं हाय का?"

मी म्हणायचो, "कालच्यापेक्षा कमी आहे." ते खरं नसायचं.

बाराव्या की तेराव्या दिवशी दवाखान्याचा दुरुस्तीचा गठ्ठा दुकानात आला. गाठ सोडली तर सगळ्यात वर माझंच ठिगळ.

माझी आई गोधड्या शिवायची. ठिगळ मूळ कापडाहून मजबूत असलं पाहिजे, हे तिचं शिकवणं मला अंगात मुरलेलं. ड्रेप चौकोनाच्या कोपऱ्यांवर फाटायचे, कारण ते जागेवर राहावेत म्हणून त्यांना चिमटे लावतात आणि चिमट्याचे दात कापडात घुसतात. मी तिथे वरून दुहेरी कापड, खालून तिसरं, आणि त्यावर गोधडीसारखे दाट दोरे घालायचो. थिएटरच्या सिस्टर म्हणायच्या, मास्टर, तुमचं ठिगळ चादरीच्या आधी जात नाही. मला ते ऐकायला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटायचं.

त्या ड्रेपवर ठिगळाभोवती तपकिरी डाग होता. धुऊनही न गेलेला. का कोण जाणे, पण मी तो घेऊन सिस्टरकडे गेलो आणि हा कधी वापरला ते विचारलं. सिस्टर उदगीरकडच्या, मनाने साध्या. त्यांनी जसं होतं तसं सांगितलं.

"तुमच्या मंडळींच्याच वक्ताला हाच होता, मास्टर. त्या दिशी टँकर लई उशिरा आला. कापडं धुवायला उशीर, मशीनीतून काढायची घाई. बाकीचं कापड वाळलं, तुमचं ठिगळ तेवढं ओलं ऱ्हायलं. जाड हाय ना ते."

मशीन म्हणजे ऑटोक्लेव्ह, वाफेने जंतू मारणारा मोठा कुकर. त्यातून निघालेलं कापड पुरतं कोरडं असावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. ओलं कापड खालचा, बाजूचा जंतू वर ओढून घेतं, कंदिलाची वात रॉकेल ओढते तसं. मी तीन पदरांची वात शिवून ठेवली होती, आणि ती माझ्याच बायकोच्या पोटाला टेकली होती.

मी डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, "जंतू कातडीवरचा असेल, हवेतला असेल, माझ्या हाताचा असेल. ठिगळामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. ठिगळामुळे झालं नाही, असंही म्हणणार नाही." आजपर्यंत मला इतकं प्रामाणिक उत्तर दुसऱ्या कुणी दिलेलं नाही, आणि इतकं जड उत्तरही कुणी दिलेलं नाही. महानंदाला मी काही सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी बायोप्सीचा कागद आला. बायोप्सी म्हणजे गाठीच्या तुकड्याची तपासणी. कागदावर 'मॅलिग्नंट' लिहिलं होतं. डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून मला बसवलं आणि सांगितलं, म्हणजे कॅन्सरची.

आम्हाला नांदेडला पाठवलं. एसटीत महानंदा पोटाशी उशी धरून बसली होती. लोह्याच्या पुढे दोन्ही बाजूंना काळी रानं उघडी पडलेली, जनावरांना सावली धरायला झाडाला पान नाही. ती म्हणाली, "नांदेडला गोदावरी हाय. तिथं तर पाणी असंल." नदीच्या पुलावरून बघितलं तर अर्ध्या पात्रात वाळूच होती.

नांदेडच्या सर्जन बाई होत्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. त्यांनी कागद वाचले, पोट तपासलं आणि सरळ सांगितलं. दुसरं ऑपरेशन करून आत उरलेलं काढायचं. त्यानंतर 'केमोथेरपी' म्हणजे सलाईनमधून कॅन्सरचं औषध. पण जखम ओली असताना यातलं काहीच करता येत नाही, कारण त्या औषधाने अंगातली लढायची ताकद कमी होते, आणि पू असला तर तो अंगभर पसरतो. आधी जखम भरू द्या, म्हणाल्या.

आम्ही परत आलो आणि वाट बघत बसलो. जवळजवळ दोन महिने. रोज पट्टी, रोज तोच प्रश्न, रोज माझं तेच उत्तर. जखम वरून मिटली, पण खालच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक राहिलं, ते मधूनच पाझरायचं. तुमच्यापैकी जे अशा वाट बघण्यात आहेत त्यांना सांगतो, त्या दिवसांत माणसाला आजाराचा राग येत नाही. राग यायला कुणीतरी समोरचं लागतं. मला तो रोज आरशात भेटायचा.

पुन्हा नांदेडला गेलो तेव्हा मॅडम म्हणाल्या, आता थांबण्यात अर्थ नाही, आतलं वाढतंय. "पण मास्टर, ही जखम दुसऱ्यांदा चिघळली तर पुढचं औषध देणं माझ्या हातात राहणार नाही."

तेव्हा मी त्यांना ठिगळाचं सांगितलं. महानंदा बाहेर कमलजवळ होती. सांगताना मला रडू आलं, आणि थांबेना. मॅडमनी माझी समजूत घातली नाही. उठून कपाटातून एक चपटं पाकीट काढलं. त्यांच्या भावाने परदेशातून पाठवलेलं, मुदत संपल्यामुळे पडून राहिलेलं. आत कागदासारखा एक निळा ड्रेप होता. मधल्या चौकोनाच्या कडेला चिकटपट्टी. 'सेल्फ-अ‍ॅडहेसिव्ह', मॅडम म्हणाल्या, म्हणजे आपणच अंगाला चिकटणारा. चिमटे नकोत, भोकं नकोत. कडा कातडीला चिकटली की बाजूचं काही आत सरकत नाही. त्यात पाणीही मुरत नाही. आणि एकदाच वापरायचा.

"फाटला तर?" मी विचारलं.

"टाकून द्यायचा."

"आणि नाही फाटला तर?"

"तरी टाकून द्यायचा."

आमच्या घरात लुगड्याचं पातळ, पातळाची गोधडी, गोधडीचं फडकं आणि फडक्याचा चुलीजवळचा बोळा होतो. धडधाकट कापड फेकून द्यायचं हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मॅडम म्हणाल्या, इथे असे मिळत नाहीत. तुम्हाला करता आला तर करून आणा. मी तपासून घेईन. बरोबर नसला तर वापरणार नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नका.

तीन आठवडे हातात होते. दुकानातली बाकीची शिलाई मी परत पाठवून दिली.

पहिली अडचण कापडाची. विणलेलं कापड म्हटलं की दोरे आले आणि दोरे पाणी ओढणार. शर्टाच्या कॉलरला आत घालतात ते पातळ 'पेस्टिंग' घेतलं, ते विणलेलं नसतं. त्याच्या खाली पातळ प्लास्टिक ठेवून बेताच्या इस्त्रीने दोन्ही एकजीव केली. सुरुवातीला इस्त्री जास्त तापली आणि प्लास्टिकची पार खीर झाली. सुई वापरायची सोयच नव्हती, कारण सुईचं भोक म्हणजे पाण्याला वाट. इतकी वर्षं सुईवर पोट भरलं, आणि घरच्याच माणसासाठी शिवायची वेळ आली तर सुई बाजूला ठेवावी लागली.

दुसरी अडचण चिकटपट्टीची. दवाखान्याचा प्लास्टर लावून बघितला, तर काढताना माझ्या हाताचे केस आणि थोडी कातडीही सोबत गेली. रेक्झिनच्या खळीने फोड आले. महानंदा खाटेवरून हे सगळं बघायची. एकदा मी हाताला फुंकर घालत बसलो होतो, तर तिने आपल्या कपाळावरची टिकली काढली आणि माझ्या मनगटावर लावली.

"ही दिवसभर ऱ्हाती. घामानं पडत न्हाई, काढली तर दुखत न्हाई. हिची खळ घ्या की."

टिकलीचं पाकीट मी आयुष्यात शेकडो वेळा पाहिलं होतं. मेणकट कागद, त्यावर टिकली, सोलली की चिकटते. नांदेडला टिकल्या पाडणारा एक माणूस शोधून काढला. त्याच्याकडून न पाडलेला अख्खा तक्ता आणला, मखमलीचा नव्हे, साध्या प्लास्टिकचा. तो नेमका कुंकवाच्या रंगाचा होता. त्याच्या पट्ट्या कापून चौकोनाच्या चारही कडांना बसवल्या.

तपासायला माझ्या पोटाइतकी सोयीची जागा कुठली? केस काढले, ड्रेपचा तुकडा चिकटवला, वरून सदरा घालून उन्हात बाजारात चक्कर मारली. घाम निथळला, पण कडा सुटली नाही. घरी येऊन सदरा वर केला तर महानंदा हसायला लागली. एका हाताने पोट दाबून हसत होती आणि म्हणत होती, "पोटाला टिकल्या लावून बसलात का तुमी? हसवू नका, दुखतंय." त्या आजारपणात ती तशी हसलेली मला एवढीच आठवते.

पहिला नमुना मॅडमनी परत पाठवला. मी मेणकागद एकाच तुकड्यात ठेवला होता आणि चिकटवून मग सरकवून नीट करायचं असं गृहीत धरलं होतं. आम्ही शिंपी कापड टाकतो आणि सरकवतो. मॅडम म्हणाल्या, इथे टाकलेलं कापड सरकवायचं नसतं. सरकवलं की घाण जागेवरचं स्वच्छ जागेवर येतं. पहिल्याच वेळी बरोबर बसलं पाहिजे. मग मी मेणकागदाचे चार तुकडे केले, प्रत्येकाला धरायला एक कान ठेवला, आणि घडी अशी घातली की ड्रेप मधून बाहेर उलगडत जावा, कुणाचा हात आतल्या बाजूला लागू नये.

दुसरा नमुना त्यांनी ठेवून घेतला. 'फॉर्मेलिन चेंबर'मध्ये, म्हणजे औषधाच्या वड्या ठेवलेल्या बंद पेटीत, ड्रेप ठेवून नंतर वारा दिला. एक तुकडा 'कल्चर'ला पाठवला, म्हणजे त्यावर जंतू वाढतात का ते बघायला. काही वाढलं नाही. मग म्हणाल्या, आणा त्यांना.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी महानंदाला ठिगळाचं सांगितलं. माझ्या हातचा दुसरा ड्रेप तिच्या अंगावर पडणार होता. पहिल्याचं लपवून ते होऊ देणं मला जमेना. ती बराच वेळ गळ्यातल्या लिंगाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "मला ठावं हाय. सिस्टर कमलला बोलल्या व्हत्या. तुमीच सांगताल म्हणून वाट बघत व्हते." माफ केलं असं ती म्हणाली नाही. फक्त रात्रीच्या भाकरीतली अर्धी माझ्याकडे सरकवली.

थिएटरमध्ये गळ्यात काही चालत नाही. लिंग अंगावेगळं करायचं नाही, हे तिचं ठाम होतं. मॅडमनी स्वतः ते तिच्या डाव्या तळहातावर ठेवलं आणि उरलेल्या लाल पट्टीने चिकटवून मूठ बांधली.

चार तास मी बाकावर होतो. समोरच्या भिंतीवर शांतता राखा असं लिहिलं होतं, ते मी किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, जमेल तेवढं काढलं, सगळं नाही निघालं. मग जाता जाता थांबून म्हणाल्या, तुमची कडा शेवटपर्यंत सुटली नाही, मास्टर.

पाचव्या दिवशी पट्टी काढली. महानंदाने विचारलं, "कोरडं हाय का?" मी खाली वाकलो, गाल जवळ नेला. आम्ही कापडाची ओल गालाने बघतो. "कोरडं आहे," मी म्हणालो, आणि या वेळी ते खरं होतं.

टाके निघाले, आंघोळीची परवानगी मिळाली. लातूरला आलो तेव्हा चार दिवस टँकर नव्हता. घरात पिण्यापुरता एक हंडा. ही गोष्ट कमलने गल्लीत की कुठे कुणाजवळ तरी काढली असेल. दुपारी शेजारची एक बाई अर्धी कळशी घेऊन आली आणि न्हाणीत ठेवून गेली. मग दुसरी तांब्या घेऊन. मग पलीकडच्या गल्लीतल्या बेगमबी, त्यांच्या घरात आठ माणसं, त्या भरलेली घागर कमरेवर घेऊन आल्या. कुणी थांबलं नाही. घंगाळ भरलं. कमलने आईला पाटावर बसवून डोक्यावरून न्हाऊ घातलं. मी दाराबाहेर बसून पाण्याचा आवाज ऐकत होतो. नंतर ओल्या केसांनी ती पूजेला बसली आणि त्या दिवशी तिने कुणाची माफी मागितली नाही.

केमोथेरपी सुरू झाली. नांदेडच्या खेपा, उलट्या, गळणारे केस, तोंडातले फोड. सहा वेळा द्यायचं होतं, चार वेळा झेपलं. मी मॅडमना एकदाच विचारलं, ते दोन महिने गेले नसते तर? त्या म्हणाल्या, माहीत नाही. लातूरच्या डॉक्टरांसारखंच. मला आता वाटतं, त्या दोघांनी मला खोटा दिलासा दिला नाही हे त्यांचे माझ्यावर उपकारच आहेत. ते ओझं माझं आहे, आणि ते मी उतरवून ठेवत नाही.

मॅडमसाठी मी पुढे बरीच वर्षं तसे ड्रेप करत राहिलो. दवाखान्याच्या कापडाला ठिगळ लावणं मात्र तो डाग बघितला त्या दिवसापासून बंद केलं. तुमच्या माणसाचं ऑपरेशन असेल तर सिस्टरना एवढं जरूर विचारा, कापडं पुरती वाळलीत का. त्या रागावतील. रागावू द्या.

महानंदा गेली ती पावसाळा सरताना. त्या वर्षी पाणी चांगलं झालं होतं, आडाला हात पुरेल इतकं. तिला शेवटची आंघोळ घालायला बायका घागरींवर घागरी आणत होत्या, न्हाणीतलं पाणी अंगणात वाहत होतं. मी ओसरीवर बसलो होतो. आमच्यात मातीत बसवतात, डाव्या तळहातावर लिंग ठेवून. त्याची तयारी चालली होती.

कमल न्हाणीतून बाहेर आली. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं. माझ्यासमोर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "अप्पा, मी जखम बघितली. कोरडीच हाय."